लेथ गल्लीच्या तोंडाची भिंत

यंदा शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी कोल्हापुरातून बापूचा फोन आला. बापू माझा धाकटा भाऊ. त्याला फोनवर इकडचं तिकडचं बोलायची सवय नाही. म्हणाला, भिंतीचा रंग उन्हानं फिका पडलाय, प्रज्ञा परत परांचीवर चढणार आहे, तू कधी येतेस? मी म्हटलं, पेपर तपासून झाले की येते. फोन ठेवला आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढं ओढला, तर नाकात ओल्या प्राइमरचा वास.

इकडं गारगोटीत या दिवसांत पिकल्या फणसाचा वास इतका भरलेला असतो की दुसऱ्या कशाला जागा नसते. त्यातूनही तो वास आला. काही उन्हाळे असे अंगात बसतात. तो उन्हाळा आता जुना झाला, पण चैत्रातलं ऊन जरा टोचायला लागलं की मला पहिल्यांदा आठवते ती भिंत, तिच्यापुढची बांबूची परांची आणि वर चढून बसलेली, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेली प्रज्ञा.

आमच्या माहेरच्या गल्लीला कागदावर वेगळं नाव आहे, पण सगळे तिला लेथ गल्लीच म्हणतात. एके काळी तिथं घराघरात पुढच्या खोलीत एक लेथ मशीन असायचं. चरकाचे, पंपाचे, इंजिनाचे सुटे भाग त्यावर कातून निघायचे. आम्हा पोरांना कोंबड्यानं कधी जाग आली नाही. पट्टा फिरायला लागला की त्याच्या फटफट आवाजानं जाग यायची. गल्लीच्या मातीत लोखंडाचा कीस मिसळलेला. अनवाणी दिसलो की आई पाठीत धपाटा घालायची. आम्ही दोरीला चुंबक बांधून ते मातीतून ओढत न्यायचो आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत चुंबकाला दाढी आलेली असायची. दुपारी सगळी मशीनं एकदम थांबत. त्या शांततेत भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा.

मग कारखाने एमआयडीसीत गेले. एकेक शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. मधली काही वर्षं अशी होती की रिक्षावाल्याला गल्लीचं नाव सांगितलं की तो मान वळवून विचारायचा, तिथं आता काय हाय? आणि खरंच काही नव्हतं. गंजलेली शटरं, त्यांच्यापुढं झोपलेली कुत्री आणि म्हातारी माणसं.

गल्ली पुन्हा उघडली ती गल्लीतल्याच पोरांनी. एकानं आजोबांच्या कारखान्यात चहा-कॉफीचं दुकान घातलं आणि छताचा जड सामान उचलायचा हूक तसाच ठेवला. लोक त्याचेच फोटो काढायला लागले. एका घरात चपला शिवायला आणि विकायला सुरुवात झाली. कुणी वरच्या खोल्या देवीला येणाऱ्यांना भाड्यानं दिल्या. परगावची माणसं वाट चुकून आत यायची ती आता विचारत यायला लागली. तेव्हा पोरांनी ठरवलं, गल्लीच्या तोंडाशी एक मोठं चित्र पाहिजे. येणाऱ्याला लांबून कळलं पाहिजे, हीच ती गल्ली.

आणि गल्लीच्या तोंडाशी आमचं घर.

आमचं घर साधं, विटांचं, पण लांबलचक. त्याची एक बाजू हमरस्त्याला लागून. त्या बाजूला बाबांनी एकही खिडकी ठेवली नव्हती, कारण रस्त्याची धूळ मशीनवर आलेली त्यांना चालायची नाही. त्यामुळं ती भिंत सरळ, कोरी, पार मागच्या टोकापर्यंत. चित्रासाठी अशी भिंत साऱ्या पेठेत सापडली नसती. अडचण एकच होती. भिंत एक, पण घरं दोन होती. पुढचा भाग थोरल्याचा, म्हणजे दादाचा. मागचा भाग बापूचा. मध्ये वीट चढवलेली. आणि दादा-बापूचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झालेली.

भांडण मशीनवरून झालं. बाबा गेल्यावर बापूनं एमआयडीसीत शेड घेतली आणि मशीन तिकडं न्यायचं म्हणाला. दादा म्हणाला, बाबांनी जिथं बसवलंय तिथंच ते राहील. दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते, आणि असं भांडण मिटायला सगळ्यांत अवघड. एका पौर्णिमेला दादा वहिनीला घेऊन नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेला. संध्याकाळी परत येतोय तर पुढची खोली मोकळी. फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. दादानं हातातला पेढ्यांचा पुडा मशीनच्या जागेवर ठेवला आणि आत गेला. तो पुडा कुणीच उघडला नाही, असं वहिनी सांगते. त्यानंतर दादानं नोकरी धरली नाही की दुसरं मशीन घेतलं नाही. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा, पेपर वाचायचा.

यात माझं काय व्हायचं ते सांगते. मी दर उन्हाळ्यात माहेरी जाते. कोल्हापूरच्या वाटेवरचा मुदाळ तिट्टा मागं पडला की मला दोन घरं दिसायला लागायची. झोपायचं दादाकडं, दुपारचं जेवण बापूकडं, अशी मी वाटणी करून घेतली होती. दादा विचारायचा, तिकडं काय केलं होतं जेवायला? बापूची बायको शोभा विचारायची, भाऊजींचं बीपी कसं हाय? मी उत्तरं द्यायची. एकाचा निरोप दुसऱ्याकडं नेला असं दिसू नये म्हणून कुठलंही वाक्य नेताना त्याची शेंडी-शेपटी कापून न्यायची. आमच्याकडं अनोळखी माणसालासुद्धा ‘पावणं’ म्हणतात. बसमध्ये पाय लागला तरी ‘पावणं, सरा की जरा’. शब्द असा सहज वापरला जातो, की त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात राहत नाही. पण एकदा दादाच्या शेजारीण काकूंनी मला दारात बघून विचारलं, पावणं कुणाकडं आल्यात? आणि मला पटकन सांगता आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी पोचले तर प्रज्ञा दादाच्या दारात उभी होती. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली पोरगी, चित्रकलेचं शिक्षण पुरं करून आलेली. तिचे आजोबा भट्टीवर ओतकाम करायचे. त्यांनी ओतलेले भाग आमच्याकडं कातायला यायचे. लहान चणीची, बोलायला सरळ. तिनं दादाला कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. तालमीतला पैलवान, चपला, रंकाळा असलं त्यात काही नव्हतं. दुपारच्या सुट्टीतला कारखाना होता. एका बाजूला मशीन, मशीनवर माणूस; दुसऱ्या बाजूला जेवायला बसलेली गल्लीतल्या कामगारांची पंगत. वर मोठ्या अक्षरांत ‘या, पावणं’.

दादानं कागद पुरता बघितलासुद्धा नाही. त्यानं एवढंच विचारलं, मागच्यानं काय सांगितलं? मागच्यानं म्हणजे बापूनं. प्रज्ञा म्हणाली, ते हो म्हणाले. मग दादा म्हणाला, “तर मग माझं न्हाय.”

त्याला कुणी समजावलं नाही असं नाही. गल्लीतली पोरं येऊन गेली, कॉफीवाला येऊन गेला, मी दोन वेळा विषय काढला. दादा सगळ्यांना चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. शेवटी प्रज्ञानं वाट बघणं सोडलं. तिनं बापूच्या अर्ध्या भिंतीपुढं परांची उभी केली आणि काम चालू केलं.

काम असं असतं हे मला माहीत नव्हतं. आधी भिंत खरवडायची, भेगा भरायच्या, मग प्राइमर. ऊन चढलं की प्राइमरचा वास पुढच्या खोलीपर्यंत यायचा आणि दादा पेपरची पानं उगाच जोरात उलटायचा. मग खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर चौकोन पाडायचे. प्रज्ञा पहाटेच्या गारव्यात वर चढायची, उन्हं तापली की खाली यायची आणि ऊन कलल्यावर परत चढायची. मधल्या वेळात ती परांचीखालीच सावलीला बसायची. वहिनी तिला ताक नेऊन द्यायची. दादा पेपरच्या वरून बघायचा.

अक्षरं आधी झाली आणि तिथं गंमत झाली. ‘या’ येत होतं दादाच्या भिंतीवर आणि ‘पावणं’ बापूच्या. त्यामुळं हमरस्त्यावरून जाणाऱ्याला नुसतं ‘पावणं’ दिसायचं. बाहेरगावची माणसं विचारायची, हे हॉटेलचं नाव आहे का? कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना सांगायचा, “पावणं तेवढं आलंय, या म्हणणारा घरात बसलाय.” हे दादाच्या कानावर जायचं. गल्लीत कुणी हळू बोलत नाही.

आता त्या भिंतीपुढं रविवारी इतकी माणसं उभी असतात की दुचाकी काढायला जागा मिळत नाही. मागच्या खेपेला एक मुलगी व्हिडिओ करत होती आणि मैत्रिणीला सांगत होती, की इथली माणसं खूप प्रेमळ आहेत. मी बाजूनं गेले. आमची माणसं प्रेमळ आहेत की नाहीत हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. अन्न देतात, हे नक्की. भांडतातही पोटभर. आलेल्याला पाणी न देता पाठवायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. घरातल्याशी कसं बोलावं हे मात्र कुणी शिकवलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात मशीन भिंतीवर उतरलं. प्रज्ञा बापूच्या शेडवर जाऊन ते बघून आली होती. चक, पट्टा, हँडल, सगळं हुबेहूब. बाबांनी दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं बोटसुद्धा. ते पुसून गेलं होतं, पण कुठं होतं ते बापूनं तिला सांगितलं. मग मशीनवरचा माणूस. काही दिवस त्याला नुसतं अंग होतं, खाकी अर्धा शर्ट आणि बाह्या दुमडलेल्या. आम्हाला वाटलं बाबा असणार. एका सकाळी मी दूध आणायला निघाले तर चेहरा पूर्ण झाला होता, आणि तो दादा होता. विशीतला. मान जराशी वाकडी करून, खालचा ओठ दातात धरून. काम करताना दादा असाच उभा राहायचा. मी दुधाचं भांडं हातात घेऊन बराच वेळ रस्त्यात उभी राहिले.

दादाला कळायला वेळ लागला नाही. त्याला भिंत घरातून दिसत नव्हती. भिंत त्याचीच, पण बघायची तर रस्ता ओलांडून पलीकडं जावं लागायचं. चित्र सुरू झाल्यापासून तो पलीकडं गेला नव्हता. त्या सकाळी कुणीतरी त्याला सांगितलं, तसा तो बनियनवरच उठला आणि रस्ता ओलांडून टपरीपाशी उभा राहिला. मी आणि वहिनी दारात. तो किती वेळ बघत होता मला माहीत नाही. मग परत रस्ता ओलांडून सरळ मागं, बापूच्या दाराकडं गेला, आणि त्याच्यामागं आम्ही दोघी. गेल्या कित्येक वर्षांत त्या चार पावलांवर त्याचा पाय पडला नव्हता.

बापू दाराबाहेर, भिंतीच्या कोपऱ्याशी, पंचा खांद्यावर टाकून तोंड धूत होता. प्रज्ञा परांचीवर होती, तिनं ब्रश खाली ठेवला. दादा म्हणाला, “माझं तोंड तुझ्या भिंतीवर कशाला काढलंस?”

त्यांच्यातलं इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

बापूनं चूळ भरली. म्हणाला, “काढलं. मग?”

“मला इचारलं न्हाईस. बाबांचं मशीन हाय ते. बाबांना काढायचं.”

बापू पंच्यानं तोंड पुसत राहिला. गल्लीतली माणसं आपापल्या दारात आलेली, पण कुणी पुढं झालं नाही. मग बापू बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. “बाबांचं नव्हतं त्ये. बाबा खाटंवर पडल्यापास्नं तूच चालवलंस. मशीन तुझं हुतं, दादा. मला तवाबी म्हाईत हुतं. म्हणून तर तू वाडीला गेल्यावर न्हेलं. तुझ्यासमोरनं न्यायला माझा हात उठला नसता.”

दादा भिंतीकडं बघत होता. वहिनीनं माझा दंड धरला होता. मला वाटलं आता हा ओरडणार, नाहीतर रडणार. त्यानं दोन्ही केलं नाही. प्रज्ञाकडं मान वर करून म्हणाला, “मला एवढं केस नव्हतं.” आणि घरात निघून आला.

आत आल्यावर त्यानं विचारलं, फोटो कुणी दिला? त्याचा त्या वयातला एकच फोटो होता, लग्नातला. वहिनी चुलीपाशी होती, म्हणजे गॅसपाशी. पण ती अजून चूलच म्हणते. ती पाठ न वळवता म्हणाली, “मी दिला. माझ्याबी लग्नाचा हाय त्यो.” दादा म्हणाला, म्हणजे माझ्या मुंडावळ्या काढून मला कामाला लावलं. आणि पेपर उघडला. त्या दिवशी पानं उलटल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. दादाच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं सामान पडलं होतं. गंजकं पिंप, तुटकी खाट, बंद पडलेली लुना, कौलांचा ढीग. दादा ते एकटाच बाजूला करत होता. मला बघून म्हणाला, मंदे, हिकडनं धर. आम्ही खाट उचलली. मग पानवाला आला, कॉफीवाला आला. उन्हं वर यायच्या आत भिंत मोकळी झाली. प्रज्ञा आली, बघितलं, आणि परांचीचे बांबू सोडून अलीकडं आणायला लागली. तिनं सगळ्यात आधी ‘या’ लिहिलं. लिहून झाल्यावर खाली उतरून रस्त्यापलीकडून बघितलं आणि परत चढून ‘या’चा काना जरा लांबवला.

दादाच्या भिंतीवर पंगत आली. आई वाढणारी, पदर खोचलेला. एकेक चेहरा येत गेला आणि गल्ली ओळखत गेली. हा अमक्याचा बाप, हा तमक्याचा चुलता. आईच्या अगदी समोर, पंगतीच्या मधोमध, प्रज्ञानं एक काळासावळा माणूस बसवला. कपाळावर भट्टीनं भाजल्याचा डाग. वहिनी ताक घेऊन आली होती. ती बघत राहिली आणि सहज म्हणाली, तिला त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं, “तुझं आजोबा न्हवं? ते दारात बसायचे गं जेवायला. भाईर.”

प्रज्ञा वळली नाही. ती डागाचा रंग जुळवत होती. “व्हय, म्हाईत हाय. म्हणून आत घेतलंय.”

वहिनीनं ताकाचा तांब्या नेहमीसारखा परांचीच्या फळीवर ठेवला नाही. ती प्रज्ञा उतरेपर्यंत उन्हात थांबली, तिला म्हणाली, आत चल, आत बसून पी. प्रज्ञा आत आली. पुढच्या खोलीत, जिथं मशीन होतं तिथं, दादाच्या खुर्चीशेजारी बसून ती ताक प्यायली. मी त्या वेळी जोंधळे निवडत होते आणि वर बघायचं टाळत होते.

चित्र पुरं झालं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी नारळ फोडला, भाषणं झाली, पेढे वाटले. ते मला फारसं आठवत नाही. भाषणं सगळीकडं सारखीच असतात. दादा-बापू एकाच कार्यक्रमात दोन टोकांना उभे होते आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण दोघं एकाच गोष्टीकडं बघत होते. इतक्या वर्षांचं ओझं रंगाच्या एका हातानं उतरत नाही. मध्ये चढवलेली वीट आजही तशीच आहे. ती कुणी पाडली नाही आणि पाडावी असंही कुणी म्हणत नाही.

माझी सुट्टी संपत आली होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बापू दादाच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. म्हणाला, मशीन हल्ली आवाज करायला लागलंय, मिस्त्रीला दोनदा दाखवलं, कळंना. दादा चहा पीत होता. त्यानं सावकाश चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि शर्ट शोधायला उठला. वहिनीनं तो आधीच काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

मला बापूनं गाडीवर मागं घेतलं, दादा रिक्षानं आला. शेडवर पोचलो तर पंखे फिरत होते, पण हवा तापलेलीच होती. मशीन कोपऱ्यात होतं, हिरवा रंग देऊन नवं केलेलं. दादा त्याच्यापुढं उभा राहिला. चालू करा म्हणाला. मशीन फिरायला लागलं, तसं त्यानं डोळे मिटले. हात लावला नाही, नुसतं ऐकलं. मग बाह्या दुमडल्या, पाना मागितला आणि खाली वाकला. मी एका उपड्या क्रेटवर बसले होते. जेवणाचा डबा तसाच पडून राहिला. बापू शेजारी बॅटरी धरून उभा होता. दादा मधूनच म्हणायचा, वर धर, हिकडं धर. बापू धरत होता. एवढंच चाललं होतं. उन्हं कलली तेव्हा कुठं आम्ही भाकरी खाल्ली, तिघांनी एकाच डब्यातनं, हाताला तेलाचा वास. दादानं पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, “उद्या शेड कवा उघडतोस?”

बापू म्हणाला, लवकर. ऊन व्हायच्या आत.

दुसऱ्या दिवशी माझी गारगोटीची गाडी सकाळची. मी आवरून पुढच्या खोलीत आले तर खुर्ची रिकामी. मागं बापूच्या दाराला कडी. वहिनीनं माझी पिशवी उचलली आणि कोपऱ्यापर्यंत आली, रिक्षा थांबवली. दोघंबी कवाच गेल्यात शेडवर, म्हणाली, तुला सांगायचं इसरलं बघ. मी रिक्षात बसले. वहिनीनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. माहेराहून निघताना मला सोडायला भावांपैकी कुणीच आलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला.